अम्मींचा खुबा

२६ फेब्रुवारी २०१४

अम्मी पडल्या. सकाळी, स्वयंपाकघरात. पाय घसरला नाही, कशाला अडखळल्याही नाहीत. ओट्याकडून वळल्या आणि बसल्यासारख्या खाली गेल्या. मी शाळेला निघायचं म्हणून दारात चपला घालत होते. फारसा आवाजही आला नाही, म्हणून आधी वाटलं, काही सांडलं असेल.

उजवा पाय बाहेर वळलेला होता आणि डाव्यापेक्षा आखूड दिसत होता. मी उचलायला गेले तर म्हणाल्या, "हात लावू नकोस. हमीदला बोलाव." हमीद त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानातून पंपाच्या मोटारीचं वाइंडिंग अर्धवट टाकून आले. दुसऱ्या मजल्यावरून स्ट्रेचर खाली नेताना प्रत्येक वळणावर मी कडेला हात लावून धरत होते. अम्मींनी डोळे मिटले होते, ओठ हलत होते. रस्त्यावर आल्यावर डोळे उघडून त्यांनी विचारलं, "गॅस बंद केलास का?"

खुब्याच्या हाडाची मान मोडली आहे. हाडाला मान असते हे मला आज कळलं. बावीस वर्षं शाळेत शिकवते आहे, पण माझा विषय मराठी.

आज दुपारी आमच्या शिक्षणसंस्थेच्या कार्यालयातही जायचं होतं. तेही राहिलं.

२७ फेब्रुवारी

दिवसभर वाद. सोलापूरहून कमरजहां आपांचा फोन आला. अम्मींची थोरली मुलगी, त्यामुळे त्यांचा शब्द जड. त्यांच्या ओळखीत एक हाडवैद्य आहे, लेप लावून फळ्या बांधतो, कापाकापी नको, या वयात भूल सोसणार नाही. हमीद एकदा त्यांचं ऐकतात, एकदा डॉक्टरांचं. मला, सुनेला, कोणी विचारलं नाही.

डॉ. श्रीनिवास आगाशे मोजकं बोलतात. संध्याकाळी आले आणि आम्हाला दोघांना ओलांडून थेट अम्मींच्या उशाशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, या जागी हाडाला रक्त जेमतेम पोचतं, फळ्या बांधून ते जुळायचं नाही. मोडलेला गोळा काढून धातूचा बसवावा लागेल. तुमचं वय बहात्तर, धोका आहेच, तो मी लपवत नाही.

अम्मींनी एवढंच विचारलं, "आणि नाही केलं तर?"

"तर बहुतेक खाट. पाठीला जखमा, छातीत कफ. घरातल्यांना तुमचं सगळं करावं लागेल."

"केलं तर चालेन?"

"तुम्ही मेहनत घेतलीत तर."

"मग करा," अम्मी म्हणाल्या. हमीद म्हणाले, अम्मी, आपांना एकदा विचारू. त्यावर अम्मी म्हणाल्या, "खुबा आपाचा नाही."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. त्यांच्या जागी मी असते तर रडून गोंधळ घातला असता.

३ मार्च

ऑपरेशन नीट झालं. मला वाटलं होतं, आता निदान पंधरा दिवस त्यांना हलू देणार नाहीत. तर दुसऱ्याच दिवशी सकाळी हेमा नावाची फिजिओथेरपिस्ट आली, पस्तिशीची असेल, आणि म्हणाली, चला आजी, उभं राहायचं. मी मध्ये पडले. ती म्हणाली, ताई, पडून राहिलं की स्नायू फार लवकर जातात, आणि म्हाताऱ्या माणसाचे गेलेले लवकर परत येत नाहीत.

अम्मी वॉकरला धरून उभ्या राहिल्या. घामाने ब्लाउज ओला झाला होता. तोंडातून आवाज नाही. बसल्यावर हेमाला म्हणाल्या, "दुपारी पुन्हा येणार ना?"

८ मार्च

काल घरी आणलं. नियम पुष्कळ आहेत. जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही. संडासात उंच बैठक बसवली. नमाज खुर्चीवर. याचं त्यांना सर्वांत वाईट वाटलं असावं. काल नमाजासाठी अंथरायच्या जानमाजवर नुसता हात फिरवून त्यांनी तो घडी घालून ठेवायला दिला.

डॉक्टरांनी निघताना मला बसवून सांगितलं. म्हणाले, अम्मी पडल्या म्हणून हाड मोडलं असं समजू नका. हाड आधीच पोकळ, विरळ झालं होतं, म्हणून एवढ्याशा पडण्याने मोडलं. हाड रोज थोडं पाडलं जातं आणि रोज थोडं बांधलं जातं. बायकांची पाळी गेली की पाडणारे वाढतात, बांधणारे गवंडी त्यांना पुरे पडत नाहीत. त्यात दुखत काही नाही, म्हणून कळत नाही. मोडतं तेव्हा कळतं. मग त्यांनी विचारलं, याआधी कधी मोडलं होतं का? तीन वर्षांपूर्वी मनगट, मी म्हटलं. न्हाणीघरात नुसता हात टेकला होता. उंची कमी झाल्यासारखी वाटली? मी सांगणार होते, नाही. मग आठवलं, दोन वर्षांपासून त्यांची साडी खाली लोळते म्हणून मीच वर खोचून देत होते. साड्या मोठ्या यायला लागल्या असं आम्ही म्हणायचो.

आता गोळी सुरू आहे, कॅल्शियम आहे, कोवळ्या उन्हात बसायचं आहे. आणि चालायचं. हाडावर भार पडला तरच ते बांधलं जातं म्हणे. डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही किती वर्षांच्या?" सेहेचाळीस म्हटल्यावर म्हणाले, मग तुम्हीपण चाला.

१३ मार्च

खालच्या मजल्यावरच्या वासंतीबाई भेटायला आल्या. टपाल खात्यातून निवृत्त, गुडघ्यांनी बेजार. येताना स्वतःच्या तेलाची बाटली आणि कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन आल्या. म्हणाल्या, "अहो, माझंही हेच. हाडांचंच."

हेमा आता घरी येते, ती तेव्हा इथेच होती. तिने वासंतीबाईंना खुर्चीत बसवून गुडघा वाकवायला लावला. आत करकर आवाज आला, मलाही ऐकू आला. ती म्हणाली, काकू, हे हेच नाही. आजींचं हाड विरळ झालंय. तुमचं हाड ठीक असेल, पण दोन हाडांच्या मधली गादी, कूर्चा, झिजली आहे. ती गोळ्यांनी भरून येत नाही. पण मांडीचे स्नायू बळकट केले, वजन थोडं उतरवलं, तर गुडघ्यावरचा भार कमी होतो. दुखतं म्हणून बसून राहाल तर आणखी दुखेल.

वासंतीबाई म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं आराम केला तो फुकट गेला म्हणायचा."

अम्मी म्हणाल्या, "उद्यापासून दहा वाजता या. दोघी मिळून करू."

वासंतीबाईंना नाही म्हणायचं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण खुब्यात धातू घेऊन बसलेल्या बाईला नाही कसं म्हणणार?

१९ मार्च

संस्थेचे चिटणीस यज्ञेश्वर देव यांचा फोन. वारज्याच्या शाळेच्या मुख्याध्यापिका मे महिन्यात निवृत्त होताहेत. जूनपासून ती जागा मला द्यायचं त्यांनी ठरवलं आहे, महिनाअखेर कळवा म्हणाले. ही जागा मला हवी होती. इथे लिहायला काय हरकत आहे, फार हवी होती.

रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात हमीदशी बोलले. अम्मी बाहेरच्या खोलीत झोपल्या होत्या. हडपसरहून वारजे म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. स्वारगेटला बस बदलायची. सकाळी सहाला निघून संध्याकाळी सहाला परत. अम्मींचं कोण करणार? हमीद वाईट माणूस नाहीत. तू ठरव, म्हणाले. पण पुढे म्हणाले, "दादी पडल्या तेव्हा सात वर्षं खाटेवर होत्या. अम्मीने सगळं केलं. कधी तोंडातून शब्द काढला नाही."

अम्मींनी सात वर्षं केलं आणि मला सात महिने जड होतात? मी नकार कळवायचं ठरवलं. अम्मींना यातलं काही सांगायचं नाही, असंही ठरलं. त्यांना उगाच वाटेल, आपल्यामुळे झालं.

२१ मार्च

आज अम्मींनी हेमाला विचित्र प्रश्न विचारले. आधाराशिवाय संडासात कधी जाता येईल? एकटीने आंघोळ? ओट्याशी उभं राहून पोळ्या? जिना? हेमा म्हणाली, घाई कशाला आजी, होईल हळूहळू. अम्मी म्हणाल्या, "हळूहळू नको. जूनच्या आधी सगळं पाहिजे."

जूनच का, असं मी विचारलं. "पाऊस सुरू होतो," एवढंच म्हणाल्या. आता त्यांना पावसात कुठे जायचंय, देव जाणे.

२६ मार्च

आज मन फार उदास आहे. अम्मी आता माझा हातच लागू देत नाहीत. आंघोळीच्या वेळी, "तू बाहेर थांब, दार लोटून घे." मोजे चढवायला गेले, तर हेमाने दिलेल्या लांब चिमट्याने स्वतः चढवत बसल्या. अर्धा तास. मी समोर बसून बघत होते. पाणी मागत नाहीत, वॉकरच्या कडीत बाटली अडकवून स्वतः आणतात. बाकी सगळ्यांशी बोलतात. वासंतीबाईंशी हसतातसुद्धा.

लग्न होऊन तेवीस वर्षं झाली. मला वाटायचं, आमचं दोघींचं बरं चाललंय. आजारपणात माणसाच्या मनातलं बाहेर येतं म्हणतात. त्यांना मी नको आहे का?

पण त्या ज्या जिद्दीने करताहेत, ते बघून मान खाली जाते. आडवं होऊन टाच घासत पाय जवळ घ्यायचा, बाजूला न्यायचा, परत आणायचा. चेहरा लाल होतो. मध्येच थांबतात, श्वास घेतात आणि पुन्हा सुरू करतात. मी शाळेत मुलांना चिकाटीवर निबंध लिहायला सांगते. कोणाला असं काही लिहिता आलेलं नाही, मलाही नाही येणार.

३० मार्च

कमरजहां आपा येऊन राहिल्या दोन दिवस. हाडवैद्याचा विषय त्यांनी काढला नाही. अम्मींना वॉकरने गॅलरीपर्यंत जाताना बघून त्या डोळे पुसत होत्या. भाजी निवडताना जुन्या गोष्टी निघाल्या. आपा म्हणाल्या, अम्मींना लग्नानंतर अध्यापिका विद्यालयात प्रवेश मिळाला होता, अब्बांनीच अर्ज केला होता. दोन-तीन आठवडे गेल्याही. मग दादी पडल्या.

मला हे ठाऊकच नव्हतं. अम्मींना विचारलं तर म्हणाल्या, "जुनी गोष्ट आहे. कोथिंबीर नीट धू, मातीची आहे."

नंतर त्यांनीच विचारलं, स्वारगेटहून पुढे बस लगेच मिळते का? मी म्हटलं, कुठे जायला? "कुठेही," म्हणाल्या.

३१ मार्च

आज घडलं ते लगेच लिहून काढते.

नकार द्यायला प्रत्यक्षच जावं, फोनवर बरं दिसत नाही, म्हणून साडी नेसून निघाले. अम्मी खाटेच्या कडेला बसल्या होत्या. म्हणाल्या, "वारज्याला नाही म्हणायला निघालीस?"

मी म्हटलं, तुम्हाला कोणी सांगितलं?

"घर दोन खोल्यांचं आहे, जरीना."

मी काहीतरी समजवायला लागले. त्यांनी हात वर केला. "तुला ती नोकरी नको असेल तर तसं सांग. तुला झेपणार नाही, तुला भीती वाटते, काय वाटेल ते सांग. पण तिथे माझं नाव घ्यायचं नाही. हाड माझं मोडलंय. तुझं नाही."

तेवीस वर्षांत इतकं तोडून त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. मी तशीच जिना उतरले. बसमध्ये रडू आवरत होते. इतकं केलं, रात्री उठले, शाळेतून धावत घरी आले, आणि हे ऐकायचं? स्वारगेट येईपर्यंत रडू जाऊन राग आला. यज्ञेश्वर देवांनी चहा मागवला आणि विचारलं, "मग काय ठरलं बाई?" मी म्हटलं, येते.

रागाच्या भरात हो म्हणून आले. घरी येऊन सांगितलं, "मी हो म्हटलं." अम्मी म्हणाल्या, "बरं." आणि हेमाने सांगितलेला व्यायाम तिसऱ्यांदा करायला लागल्या.

२२ एप्रिल

व्हायला नको तेच झालं. मी शाळेत असताना अम्मींनी वॉकर सोडून ओट्यापर्यंत जायचा प्रयत्न केला. तोल गेला. वासंतीबाईंनी कमरेला मिठी मारून धरलं म्हणून बचावल्या, पण पाय मुरगळला आणि रात्रीपर्यंत खुबा सुजला. आम्ही सगळे घाबरलो. फोटो काढला. गोळा जागेवर आहे, स्नायू दुखावलाय. दोन-तीन दिवस विश्रांती.

हेमा त्यांच्यावर रागावली. मीसुद्धा बोलले, आवाज चढवून. अम्मी ऐकून घेत होत्या. उलट बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२४ एप्रिल

दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. आज दूध घेऊन गेले तर म्हणाल्या, "जरीना, मी खाटेला लागणार का?"

त्यांच्या आवाजात भीती मी पहिल्यांदा ऐकली. मी खाली बसून त्यांचा हात धरला. या वेळी त्यांनी सोडवून घेतला नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. गोळा धातूचा आहे, घट्ट आहे. बाकीचं हाड भार पडेल तसं बांधलं जातं. स्नायू दुखावला तर भरून येतो. थोडं मागे गेलो, एवढंच. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या, वर्गातल्या शहाण्या मुलीसारख्या.

"आणि सासूबाईंच्या वेळी हे नव्हतं," म्हणाल्या.

नव्हतं, मी म्हटलं.

"बिचारी," म्हणाल्या. "मी किती वेळा मनातल्या मनात रागावले तिच्यावर."

दूध संपवून पेला माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, हेमाला उद्या यायला सांग.

१८ मे

काठी आली, वॉकर गेला. आता दहा वाजताचा आमच्या घरातला वर्ग इमारतीत प्रसिद्ध झाला आहे. वासंतीबाई खुर्चीत बसून पाय सरळ वर धरतात आणि पुटपुटतात. अम्मी त्यांना खाली घेऊ देत नाहीत. काल वासंतीबाई म्हणाल्या, "अख्तरबानू, टपाल खात्यात आमचे साहेबसुद्धा इतके कडक नव्हते." अम्मी म्हणाल्या, "म्हणूनच पत्रं उशिरा यायची."

वासंतीबाईंचा गुडघा अजून दुखतो, पण मंडईत जाऊन आल्या, वाटेत कुठेही न बसता. त्या हे सगळ्यांना सांगताहेत.

जिन्याचा सराव सुरू झाला. चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना दुखरा. अम्मी प्रत्येक पायरीवर मोठ्याने म्हणतात, चांगला, दुखरा, काठी. खालून वर येणारे लोक भिंतीला चिकटून उभे राहतात आणि त्यांना वाट देतात. परवा एक कुरियरवाला टोपी काढून उभा राहिला. का काढली त्यालाही ठाऊक नसेल.

मी अजून त्यांच्यावर थोडी रुसलेली आहे. पण जिन्यावरचं हे दृश्य कोणाला दाखवावं, तर त्यांनाच दाखवावंसं वाटतं.

९ जून

आज अम्मींनी एकटीने आंघोळ केली, ओट्याशी उभं राहून चार पोळ्या लाटल्या, कपडे वाळत घातले. मधून मधून उंच स्टुलावर टेकत होत्या. मग मला बोलावून म्हणाल्या, बघ. मी बघितलं. म्हणाल्या, "काही राहिलं का?"

मी म्हटलं, काही नाही राहिलं. छान झालं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मी आणखी काही बोलायला हवं होतं.

हेमाने आज शेवटची फेरी केली. दारात मला म्हणाली, ताई, तुमच्या सासूबाईंसारखी पेशंट मी पाहिली नाही. तुमची नवी शाळा कुठल्या तारखेला उघडते ते त्यांनी मला मार्चमध्येच सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, त्यांना तारखा पाठ असतात सगळ्यांच्या.

१६ जून

पहिला दिवस.

पहाटे उठले तर स्वयंपाकघरात दिवा. अम्मी काठी ओट्याला टेकवून उभ्या होत्या. डबा भरलेला होता, भेंडी आणि पोळ्या. मी म्हटलं, कशाला उठलात? म्हणाल्या, "बस चुकेल." तेवढंच. निघताना मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तसं आमच्यात करत नाहीत, पण वाकले. त्यांनी खांद्याला धरून उठवलं. "साडी चुरगळेल."

शाळा मोठी आहे. दिवस कसा गेला कळलं नाही. दुपारी फोन केला तर वासंतीबाईंनी उचलला आणि म्हणाल्या, "इथे कोणीही मेलेलं नाही. तुम्ही शाळा चालवा."

संध्याकाळी परत आले तेव्हा अम्मी इमारतीच्या फाटकाशी, वॉचमनच्या खुर्चीत बसल्या होत्या. एकट्या दोन मजले उतरून आल्या होत्या. मला बघून काठीवर भार देऊन उठल्या. पायरी पायरीने आम्ही वर आलो. चांगला, दुखरा, काठी. त्यांनी माझा दंड धरला होता, आणि वर पोचेपर्यंत सोडला नाही.

चहा झाल्यावर म्हणाल्या, "सांग." मी म्हटलं, काय सांगू? "सगळं." मग मी सांगत बसले. वर्ग किती मोठे आहेत, फळे नवे आहेत का, शिक्षक कसे आहेत, प्रार्थनेच्या वेळी मी काय बोलले. त्या मध्ये मध्ये विचारत होत्या. फळ्यावर तारीख कोण लिहितं? पहिलीतली मुलं रडली का? तुझी खुर्ची खिडकीकडे आहे की दाराकडे? हमीद जेवायला थांबले होते, पण अम्मींना भूक नव्हती. मी इतकी वर्षं शिकवते, मला हे सगळं कोणी कधी विचारलं नव्हतं. बोलता बोलता थांबले, तर त्यांचे डोळे भरले होते. पाय दुखतोय का, मी विचारलं. "नाही," म्हणाल्या, "आज बिलकूल नाही."

झोपायच्या आधी त्यांनी हाक मारली.

"उद्या किती वाजता निघायचंय आपल्याला?"

आपल्याला, म्हणाल्या. मी मराठीची शिक्षिका, चुकीचं सर्वनाम कानाला लगेच खटकतं. आज खटकलं नाही. "सहाला," मी म्हटलं.